हात आमचे, कागद त्यांचा

माझी भाची पनवेलच्या एका पार्लरात होती. मोठ्या कंपनीचं नाव पैसे भरून घेतलेलं दुकान. त्याला फ्रँचायझी म्हणतात. पगार नऊ हजार, दहा तास उभं राहायचं. दोन वर्षं काढली. लाइनीपलीकडे नवीन पनवेलात एका बाईनं साडेबारा देते म्हणून बोलावलं. पोरीनं महिन्याची नोटीस दिली, तो महिना भरला. तेव्हा मालकानं कपाटातून कागद काढला. इंग्रजीतली सात पानं. नोकरी सोडल्यावर एक वर्ष, पाच किलोमीटरच्या आत, हे काम कुठंच करायचं नाही. केलंस तर पन्नास हजार भर.

"मामा, सही माझीच हाय," पोरगी म्हणाली. "आता काय, धुणीभांडी करू?"

पाच किलोमीटर म्हणजे पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, सगळं आलं. भुवया कोरायचा दोरा काय ह्यांच्या बापानं शोधला? पोरगी शिकली आयटीआयत, स्वतःची फी भरून.

दोस्तहो, हा कागद मी ओळखतो. माझ्या आज्याला कागद नव्हता, वतन होतं. मेलेली ढोरं ओढ, तराळकी कर, दुसरं काही करायला निघालास तर गाव बंद. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. तेव्हा काम सोडू देत नव्हते, आता करू देत नाहीत.

आणि गंमत बघा, कायदा १८७२ पासून आमच्या बाजूनं आहे. करार कायदा, कलम २७. माणसाला कायदेशीर धंदा-रोजगार करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद आहे तो नावलौकिकासकट धंदा विकणाऱ्याला. पोरीनं कुठला धंदा विकला?

हां, मुदतीचा करार मध्येच मोडाल तर भानगड आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचा एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या कारखान्यात गेला. १९६७ साली सुप्रीम कोर्टानं मालकाचंच खरं केलं. पण करार संपल्यावर? झहीर खानला जुन्या एजन्सीनं असंच अडवलं होतं. २००६ साली त्याच कोर्टानं कलम २७ दाखवून एजन्सीचं मागणं फेटाळलं. झहीरपाशी वकील होते.

मालकाला हे सगळं ठाऊक आहे. तो कोर्टात जाणारच नाही. त्यानं नव्या बाईला फक्त एक फोन केला. बाई म्हणाली, "लफडं नको गं बाई." झालं काम! वर पोरीचं दहावीचं ओरिजिनल मार्कशीट आणि शेवटचा पगार दाबून बसलाय.

म्हणे, गिऱ्हाईक पळवतील. गिऱ्हाइकांची वही चोरली तर धरा की! हात कशाला बांधता? अमेरिकेत जिमी जॉन्स नावाच्या दुकानांनी सँडविच बनवणाऱ्या पोरांकडूनही असाच कागद लिहून घेतला होता. पावात काकडी घालायचं गुपित! २०१६ साली न्यूयॉर्क आणि इलिनॉयच्या सरकारी वकिलांनी हिसका दाखवला, तेव्हा सोडला.

मालक म्हणतो, कागद वरून छापून येतो. येत असेल. सही घेताना बोट कुणी ठेवलं होतं?

सोमवारी दहा वाजता आम्ही पाच जण मार्कशीट आणि पगार मागायला जातोय. कलम २७ मराठीत लिहून घेतलंय, दारात मोठ्यानं वाचणार. पिझ्झावाल्यांचे, क्लासवाल्यांचे, लॅबवाल्यांचे असले कागद ज्यांच्या घरात असतील, त्यांनी ते घेऊन एसटी स्टँडवर यावं.