झेंडा बघून मारणाऱ्यांना उत्तर

रत्नागिरीत गोल्फचं मैदान शोधायला निघालात तर पायच दुखतील. गोल्फ खेळणारे मात्र सहज सापडतात. स्टँडवर गाडी लागेपर्यंत, पावसात लाइट गेल्यावर, दुकानात गिऱ्हाईक नसताना कुणाच्या तरी मोबाइलवर ‘गोल्फ क्लॅश’ चालू असतो. एक होल, दोन खेळाडू, कमी फटक्यांत संपवेल त्याची नाणी. सोप्या होलवर सगळेच शहाणे असतात. मध्ये पाणी, कडेला बंकर, उतरतं ग्रीन आणि त्यात आडवा वारा आला, की एकेकाची तत्त्वज्ञानं बाहेर पडतात.

पहिले दैववादी. ‘वारा गेमच्या हातात, आपल्या हातात काय?’ वारा गेमच्या हातात आहे, कबूल. पण तो लपवलेला कुठे आहे? दिशा बाणाने दाखवलेली, वेग आकड्यात लिहिलेला. लक्ष्याची वलयं वाऱ्याच्या उलट बाजूला किती सरकवायची एवढंच ठरवायचं असतं. तो हिशेब क्लबगणिक बदलतो, म्हणून वही घेऊन बसावं लागतं, आणि खरा कंटाळा त्याचाच आहे. दिवसा खारे वारे, रात्री मतलई, हे ओळखून जिथे शिडाच्या होड्या समुद्रात गेल्या, तिथे बसून ‘वारा म्हणजे नशीब’ म्हणायला जीभ तरी कशी रेटते?

दुसरे पैसेवादी: ‘ज्याचा क्लब भारी त्याचा होल.’ यात तथ्य आहे. हा खेळ काढणारी प्लेडेमिक ही कंपनी ईए या बड्या गेम कंपनीने २०२१ मध्ये १४० कोटी डॉलरना घेतली, ती काही समाजसेवा म्हणून नव्हे. खेळाडूंनी विकत घेतलेल्या क्लबच्या पेट्यांतूनच असे खेळ चालतात. पण अवघड होल बहुधा लांबीमुळे अवघड नसतो. फेअरवे जिथे चिंचोळा होतो तिथपर्यंत पोचवणारा ड्रायव्हर म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली अडचण. फटक्याच्या वेळी डुलणारी सुई मधोमध थांबवायचं काम शेवटी बोटालाच करावं लागतं.

या दोघांशी मी फार भांडत नाही. माझं खरं भांडण तिसऱ्यांशी आहे, कारण त्यांचं बोलणं ऐकायला मर्दानी वाटतं. ‘झेंडा बघायचा आणि ठोकायचा. घाबरणारा जिंकत नाही.’ वर खऱ्या गोल्फचे दाखले! त्यांचा लाडका दाखला कॅमेरॉन स्मिथचा. १४ मार्च २०२२, अमेरिकेत टीपीसी सॉग्रास, प्लेअर्स चॅम्पियनशिपची शेवटची फेरी. सतरावा होल जेमतेम १३७ यार्डांचा, पण ग्रीनला चहूबाजूंनी पाणी. झेंडा उजवीकडे, काठाला लागून. स्मिथचा चेंडू झेंडा आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत पडला, बर्डी झाली, आणि एका फटक्याने त्याने स्पर्धा जिंकली. दुसरा कोण आला? पुण्यात जन्मलेला आपला अनिर्बन लाहिरी. ‘बघा, धाडस!’ असं म्हणून ही मंडळी छाती फुगवतात. पण स्मिथने नंतर स्वतःच सांगितलं, की त्याचा नेम तिथे नव्हताच. त्याने झेंड्याच्या डावीकडे धरलं होतं, फटका जरा उजवीकडे गेला. म्हणजे यांचा आदर्श पुरुषसुद्धा झेंडा सोडूनच मारत होता!

आणि ज्याने खरोखर धाडस केलं त्याचं काय झालं? १९९९ ची ब्रिटिश ओपन, कार्नूस्टी. शेवटच्या होलवर फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्द तीन फटक्यांनी पुढे. सहा लागले तरी विजेता. त्याने ड्रायव्हर काढला, मग ग्रीनकडे लांब फटका, तो गॅलरीवर आपटून मागे आला, पुढचा ओढ्यात. बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला. सात झाले, आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला.

मग मी काय म्हणतो? अवघड होल ग्रीनकडून टीकडे, उलटा वाचावा. समजा, पार चारचा होल, फेअरवे डावीकडे वळतो, वळणाच्या कुशीत पाणी. आधी ग्रीनचा उतार पाहा. तो पाण्याकडे असेल तर चेंडू वरच्या अंगाला थांबला पाहिजे. त्यासाठी दुसरा फटका कुठून सोपा? बहुधा उजव्या, लांबच्या बाजूने. म्हणजे पहिला फटका तिथे, मग झेंड्याचं अंतर वीस यार्ड वाढलं तरी चालेल. चेंडू पडतो ती जागा वेगळी आणि थांबतो ती वेगळी. त्या दोन जागांमधल्या अंतरासाठी बॅकस्पिन, टॉपस्पिन असतात, शोभेसाठी नव्हेत. आणि सगळ्यात आधी एक ठरवायचं: चेंडू कुठे जाता कामा नये.

‘हे म्हणजे भित्रेपणा,’ असं पुन्हा कुणी म्हणेल. त्याने बेरीज करावी. पाण्यावरून थेट मारला आणि साधला तर तीन, बुडाला तर पाच. वळसा घेतला तर हमखास चार. दहातून पाच वेळा साधत असेल तर सरासरी चारच. चार वेळा साधत असेल तर ४.२, म्हणजे तोटा. सहा वेळा साधत असेल तर ३.८, मग खुशाल मारा. आपलं दहातलं किती साधतं हे मात्र सरावात मोजलेलं हवं. यशस्वी फटक्यांचे स्क्रीनशॉट सगळ्यांकडे असतात, बुडालेल्यांचे कुणी काढत नाही.

एका ठिकाणी मी हार मानतो. समोरच्याने तीनमध्ये होल संपवलेला असेल, तर चारचा हमखास वळसा म्हणजे हमखास पराभव. तिथे दहात एकदा साधणारा फटकाही मारलाच पाहिजे. तेव्हा झेंडावाद्यांचा आणि माझा चेंडू एकाच दिशेने जाईल. फरक एवढाच, की ते पहिल्याच फटक्याला तिकडे निघालेले असतात, समोरच्याने अजून सुरुवातही केलेली नसताना.