बाकावरची माणसं

क्रिकेटचा विषय निघाला की नगरी माणूस दोन नावं हमखास घेतो. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघंही नगरच्या वाडिया पार्कातून थेट लॉर्ड्सला गेले. प्रत्यक्षात झहीर मुंबईत घडला आणि बडोद्याकडून खेळला. अजिंक्य डोंबिवलीत वाढला. ते असो. पण भारतीय संघाच्या दोन जायबंदी दौऱ्यांच्या मध्यभागी आपल्याच जिल्ह्याचे हे दोघे उभे आहेत, याची चर्चा फारशी होत नाही.

पहिला दौरा 2011 चा, इंग्लंडचा. एप्रिलमध्ये विश्वचषक जिंकलेला, कसोटी क्रमवारीत पहिला असलेला आपला संघ 21 जुलैला लॉर्ड्सवर उतरला. कसोटी इतिहासातला तो दोन हजारावा सामना. झहीरने स्ट्रॉस आणि कुक हे दोन्ही सलामीवीर काढले, आणि आपल्या चौदाव्या षटकात मांडी धरून थांबला. 13.3 षटकं, 18 धावा, 2 बळी. संपूर्ण मालिकेतली त्याची गोलंदाजी एवढीच. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचा सगळा भार चेंडू सोडताना उजव्या पायावर येतो, आणि पुढे झेपावणाऱ्या त्या पायाला लगाम घालायचं काम मांडीमागच्या स्नायूकडे असतं. तो लगामच तुटला.

पुढे मग रांगच लागली. धोनीने ग्लोव्ह्ज उतरवून स्वतः गोलंदाजी केली. गंभीरच्या कोपरावर चेंडू बसला, हरभजनच्या पोटाचा स्नायू दुखावला, युवराजचं बोट मोडलं. खांद्याच्या शस्त्रक्रियेतून परतलेला सेहवाग एजबॅस्टनला दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद. आर. पी. सिंगला तर मायामीतल्या सुटीवरून बोलावून ओव्हलवर उतरवलं. मालिका 4-0 अशी गेली, पहिला क्रमांक गेला आणि द्रविडची तीन शतकं पाण्यात गेली.

‘नजर लागली’ असं तेव्हा पारावर म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. विश्वचषकाची अंतिम लढत 2 एप्रिलला झाली आणि 8 एप्रिलला आयपीएल सुरू झाली. घोट्याच्या दुखण्यामुळे झहीरचा वेस्ट इंडीज दौरा हुकला होता. नजरेपेक्षा वेळापत्रकालाच धरायला हवं होतं, पण वेळापत्रकावरून मीठ-मोहऱ्या ओवाळता येत नाहीत.

त्याच दौऱ्यात, 31 ऑगस्टला मँचेस्टरमध्ये, रहाणेने पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना खेळून 61 धावा केल्या. श्रीरामपूरचा बाहेर पडला त्याच उन्हाळ्यात आश्वीचा आत आला.

दुसरा दौरा 2020-21 चा, ऑस्ट्रेलियाचा. ॲडलेडला 36 धावांत डाव आटोपलेला, शमीचा हात मोडलेला आणि कोहली पितृत्वाच्या रजेवर. कर्णधार रहाणे. मेलबर्नला त्याने 112 धावा करून सामना जिंकला, पण उमेशची पोटरी गेली. मग राहुलचं मनगट. सिडनीत जडेजाचा अंगठा, विहारीची मांडी, बुमराचं पोट. अश्विनची पाठ इतकी धरली होती की त्याने सामना कसा वाचवला हे त्यालाच ठाऊक. ब्रिस्बेनला उतरलेल्या पाच गोलंदाजांनी त्याआधी मिळून फक्त चार कसोट्या खेळल्या होत्या. त्यातल्या शार्दूल ठाकूरची एकुलती एक कसोटी 2018 मध्ये दहा चेंडूंतच दुखापतीने आटोपली होती. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर तर मूळ कसोटी संघात नव्हतेच. नेटमध्ये चेंडू टाकायला थांबवून घेतलेले. ब्रिस्बेनच्या याच गॅबा मैदानावर 2003 मध्ये झहीरने पहिल्या डावात पाच बळी घेतले होते आणि पुढे मांडीच्याच दुखण्याने त्याचा तो दौरा नासला होता. आता सिराजने पाच घेतले. 1988 पासून ऑस्ट्रेलिया तिथे हरला नव्हता. भारताने 328 चं लक्ष्य तीन गडी राखून गाठलं.

हे नशीब म्हणायचं तर सिराज, सैनी आधी ‘भारत अ’ संघाकडून वर्षानुवर्षं खेळत होते, त्याचं काय? त्या संघाचा प्रशिक्षक बराच काळ द्रविड होता, 2011 ची वाताहत क्रीजवरून बघितलेला. अमेरिकेत बेसबॉलचा संघ हंगामात 162 सामने खेळतो. कोणी ना कोणी जायबंदी होणार हे धरूनच तिथे खालच्या लीगमध्ये बदली माणसं खेळती ठेवतात. आपल्या तालुका स्पर्धांत मात्र बारावा खेळाडू म्हणजे पाणी नेणारा आणि स्कोअर लिहिणारा. एखाद्या पोराची मांडी भरली तर स्प्रे मारून पुन्हा त्यालाच चेंडू देतात.

आणि हो, गॅबावर पंतने विजयी चौकार मारला तेव्हा समोरच्या टोकाला होता सैनी. पहिल्याच दिवशी जांघेचा स्नायू दुखावलेला. चेंडू सीमेपार जाणार याची खात्री नव्हती, म्हणून तोही लंगडत पळत सुटला होता.