हाली शिक्का, कलदार आणि डॉलर

श्री. गेब न्यूवेल, अध्यक्ष, व्हॉल्व्ह कॉर्पोरेशन, बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य, यांस

महोदय,

हे पत्र जेथून लिहीत आहे त्या अंबाजोगाईस निजामाच्या अमदानीत मोमिनाबाद म्हणत, आणि त्या काळी येथील देवघेव हैदराबादच्या हाली शिक्क्यात, तर रियासतीच्या हद्दीपलीकडील इंग्रजी मुलखाची कलदार रुपयात होत असे. सहा कलदारांस सुमारे सात हाली मोजावे लागत, आणि सरहद्दीवर करोडगिरीचे नाके मालावरील महसूल वसूल करण्यास बसलेले असत. हद्द ओलांडली की भाव पालटतो, हे ज्या मुलखाच्या अंगवळणी पडलेले आहे, तेथील मनुष्य आपल्या ‘स्टीम’ या दुकानात एकच व्हिडिओ गेम देशोदेशी निराळ्या मूल्यास विकला जातो एवढ्यावरून फिर्याद करणार नाही.

किंबहुना हा भेद मला न्याय्यच वाटतो. गेमची आणखी एक प्रत उतरवून दिल्याने प्रकाशकाच्या पदरचे जवळजवळ काहीच जात नाही. तेव्हा जेथे सामान्य मनुष्याची मिळकत अल्प, तेथे अल्प मूल्य घेऊनही प्रकाशकाचा लाभच होतो, आणि चोरीच्या प्रतींवर भागविणारा तरुण उजळ माथ्याने गिऱ्हाईक होतो. युरोपीय आयोगाने जानेवारी 2021 मध्ये आपणांस व पाच प्रकाशकांस मिळून सुमारे 78 लाख युरोंचा दंड ठोठावला, तो मध्य व पूर्व युरोपातील प्रती इतरत्र चालू न दिल्याबद्दल. एकच बाजारपेठ मानणाऱ्या युरोपीय संघात तो निर्णय यथायोग्य असेल, परंतु तीच नीती जगभर लागू झाली तर प्रकाशक सर्वांना श्रीमंतांचाच भाव लावतील.

माझे गाऱ्हाणे निराळे आहे. नोव्हेंबर 2015 पासून आपण रुपयात मूल्ये घेऊ लागलात, ही सोय मोठीच झाली. पण ऑक्टोबर 2022 मध्ये प्रकाशकांसाठी देशोदेशीच्या मूल्यांच्या शिफारशीचा जो नवा तक्ता आपण काढला, त्यात क्रयशक्तीचा विचार केल्याचे सांगूनही भारताचा आकडा बराच वर चढला. शिवाय शिफारस मानणे न मानणे प्रकाशकाच्या मर्जीवर असल्यामुळे कोणी ती पाळतो, कोणी डॉलरास विनिमयदराने गुणून मोकळा होतो, आणि गिऱ्हाइकासमोर येते ती केवळ अखेरची रक्कम. (वांद्र्याच्या उंच इमारतीतील कुटुंबास आणि येथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास एकच भाव पडतो, ही विसंगती आहेच, तिच्यावर इलाज आपल्याही हाती नसावा.)

नोव्हेंबर 2023 मध्ये अर्जेंटिना व तुर्कस्तान यांची चलने आपण दुकानातून उठविली व तेथे डॉलर आणला. विनिमयदराची अस्थिरता हे कारण आपण दिले, आणि ते खोटे नव्हे. परंतु आपला मुलूख खोटा सांगून तेथील स्वस्ताईवर हात मारणारे परदेशी लोकही होते, हे सर्वश्रुत आहे, आणि त्यांच्या लबाडीची झळ त्या देशांतील प्रामाणिक रहिवाशांस लागली.

माझ्या वरील गाऱ्हाण्यावर विनंती अशी की, प्रत्येक गेमच्या पानावर प्रकाशकाने लावलेल्या मूल्याशेजारी आपण शिफारस केलेली रक्कमही दाखवावी, आणि तक्ता बदलताना त्यामागील हिशेब देशवार जाहीर करावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्ससारख्या मंडळींनाही, ज्यांचा ‘राजी’ हा गेम 2020 साली जगाच्या बाजारात उतरला, हा हिशेब उपयोगी पडेल. त्यांना परदेशी विकायचे असते आणि घरचे गिऱ्हाईकही तोडायचे नसते. भाव उतरविण्याची सक्ती मी मागत नाही, तो अखत्यार मालाच्या धन्याचा. मात्र ज्याने शिफारशीच्या दुप्पट लावले, त्याने ते उघड्यावर लावावे.

कळावे.

आपला,
अंबाजोगाईचा एक ग्राहक