मेल्या म्हशीला मणभर दूध

क्रायस्लरच्या 'नॉर्समन' गाडीसाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. इटलीत तुरिनला घियाच्या कारखान्यात हाताने घडवलेली ही एकच गाडी १९५६ च्या जुलैत 'आंद्रेआ दोरिया' जहाजातून अमेरिकेला निघाली होती. २५ तारखेच्या रात्री नॅन्टकेटजवळ धुक्यात 'स्टॉकहोम' जहाजाशी टक्कर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जहाजासकट तळाला गेली. ती पोचली असती तर म्हणे मोटारींचा इतिहासच बदलला असता!

कशावरून? पुढच्या काचेशेजारी खांब नाहीत, छपराचा सगळा भार मागच्या बाजूला, हे तिचे नवल. गाडी उलटली तर ते छप्पर टिकेल का? हे बघायच्या आतच ती बुडाली. मुळात ती होती प्रयोगासाठी, प्रदर्शनात मांडण्यासाठी, बाजारासाठी नव्हेच. पेपरच न दिलेल्या मुलाला आम्ही शाळेत कधी पहिला नंबर दिला नाही हो!

हळहळायचेच तर त्या टकरीत दोन्ही जहाजांवरची मिळून ५१ माणसे गेली, त्यांच्यासाठी हळहळा. नाहीतर पत्रा ठोकणाऱ्यांसाठी. डिझाइनवाल्या व्हर्जिल एक्सनरसाहेबांचे नाव सगळे घेतात. हातोडी चालवणारे मात्र नुसते 'घियाचे कारागीर'.