फेरोनंतरचा हाशेक

१९९० च्या फुटबॉल विश्वचषकात चेकोस्लोवाकियाने उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हा कर्णधार होता इव्हान हाशेक. पुढे प्रशिक्षक म्हणून स्पार्टा प्रागला लीग जिंकून दिली. आता मात्र नाव काढलं की फेरो बेटंच काढतात! ऑक्टोबर २०२५ मध्ये चेक संघ तिथे २-१ हरला. ५५ हजार वस्तीचा देश, म्हणजे आपलं तालुक्याचं गाव. हाशेकचं पद लगेच गेलं. जायलाच हवं होतं. युरो २०२४ मध्येही एक सामना जिंकता आला नव्हता. पण प्रशिक्षकाच्या रागात कर्णधाराचीही टिंगल कशाला? लाइक मोजणाऱ्यांना (त्यात आम्ही पत्रकारही आलो) कालच्या सामन्यामागचं काही दिसतच नाही. नव्वदचे सामने शोधून बघा, मग बोलू.