दुपटी, डायपर आणि देवघेव



 संक्रांतीच्या या अंकाच्या संपादकीयात एकाच विषयावर जरा सविस्तर लिहिते आहे. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नव्याने आईबाबा झालेली बरीच मंडळी भेटली आणि बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होतं: घरात बाळ आल्यापासून महिनाअखेर हातात काही उरत नाही. दोघं कमावते असले तर एकाच्या पगाराचा मोठा वाटा नर्सरीला जातो. एकच कमावता असला तर घरभाडं आणि हीटिंगचं बिल भागवून मग डायपर, दूध, बाबागाडी, थंडीचे कपडे. शिवाय मूल दोन वर्षांचं झालं की भारतात जाताना विमानात त्याचं वेगळं सीट घ्यावं लागतं, त्याचीही तरतूद आधीपासून करावी लागते.

इंग्लंडमध्ये मूल वाढवणं महाग आहे, यात वाद नाही. पण आपल्या कुटुंबांचा जो जास्तीचा खर्च होतो, त्याचं एक मोठं कारण मला महागाईपेक्षा वेगळं दिसतं. पुण्यात, सांगलीत, नागपुरात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आईच्या मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी आधीच शिवून ठेवलेली असतात. मावसबहिणीच्या मुलाची झबली-टोपडी पिशवी भरून येतात. बाळाला पहिल्यांदा कुणाचं तरी वापरलेलंच अंगावर घालायची रीत अजून कित्येक घरांत आहे, आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड बाळाच्या कातडीला सोसतंही. वर एखादी काकू हक्काने सांगते, "एवढं नको घेऊस गं, दोन महिन्यांत लहान होईल." इथे ही काकू नाही. तिच्या जागी दुकानाने छापलेली 'नवजात बाळासाठी आवश्यक' वस्तूंची लांबलचक यादी आहे. ती यादी विकणाऱ्याने केलेली आहे, आणि पहिलटकर आई रात्री दोन वाजता, बाळ रडत असताना, फोनवर ती वाचते. त्या वेळी ती काहीही विकत घेईल.

म्हणून काकूने सांगितल्या असत्या अशा काही गोष्टी इथे लिहिते.

सगळ्यात आधी डब्याच्या दुधाबद्दल, कारण यात पैसा पुष्कळ जातो आणि मनावरचं ओझंही सर्वाधिक असतं. पहिल्या टप्प्याचं फॉर्म्युला दूध कोणत्याही कंपनीचं असो, त्यातली पोषणद्रव्यं ब्रिटनमधल्या कायद्याने घालून दिलेल्या प्रमाणातच असावी लागतात. सर्वांत स्वस्त डबा आणि सर्वांत महाग डबा, दोन्ही बाळाची गरज सारखीच भागवतात. कोणता ब्रँड घेता याने फरक पडत नाही, असं एनएचएस ही इथली सरकारी आरोग्यसेवाही स्पष्ट सांगते. तरी बहुतेकजण महाग डबाच उचलतात. इथल्या स्पर्धा आयोगाने (सीएमए) फेब्रुवारी 2025 मध्ये या बाजाराचा अहवाल दिला, त्यातही हेच म्हटलं आहे: थकलेले, धास्तावलेले पालक किंमत म्हणजेच दर्जा असं समजतात, आणि दवाखान्यात जो डबा पहिल्यांदा हाती आला तोच पुढे चालू ठेवतात. पहिल्या टप्प्याच्या दुधाची जाहिरात करायला किंवा त्यावर सवलत द्यायला कायद्याची बंदी आहे. सहा महिन्यांनंतरच्या 'फॉलो-ऑन' दुधाच्या जाहिरातीला मात्र मोकळीक आहे, म्हणून कंपन्या दोन्ही डबे दिसायला जवळजवळ सारखे ठेवतात. त्या फॉलो-ऑन दुधाची गरजच नसते. पहिल्या टप्प्याचं दूध वर्षभर चालतं, आणि वर्षानंतर साधं गाईचं पूर्ण साईचं दूध मुख्य पेय म्हणून देता येतं. 'टॉडलर मिल्क' नावाचा तिसरा डबा तर खुशाल फळीवरच राहू द्यावा. अंगावर पाजणाऱ्या आईला हा खर्च नाही. पण जिला ते जमलं नाही, तिने महाग डबा घेऊन त्याची भरपाई करायची काहीही गरज नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशी भरपाई करू पाहणाऱ्या मुली मला आपल्याच मंडळात भेटल्या आहेत.

सहा महिन्यांच्या आसपास बाळ खायला लागतं आणि सुपरमार्केटची पाऊचची फळी खुणावू लागते. प्रवासात पाऊच सोयीचा आहे, मान्य. पण मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, नाचणीच्या पिठाची पेज, उकडून कुस्करलेलं रताळं, वरणाचं पाणी घातलेला गुरगुट्या भात हे सगळं आपल्या घरात रोज शिजतंच. बाळाचा वाटा मीठ घालण्याआधी बाजूला काढला की झालं. एक वर्षापर्यंत मीठ आणि साखर घालू नये असाच इथला सल्ला आहे. नाचणी, मूगडाळ, तांदूळ भारतीय वाणसामानाच्या दुकानातून मोठ्या पिशवीत आणावेत. दोन-तीन घरांनी मिळून दहा किलोची पिशवी वाटून घेतली तर आणखी स्वस्त पडते. फक्त एक लक्षात असू द्या: गुटी किंवा दुसरं काही मधातून चाटवायची आपल्याकडची सवय वर्षाच्या आतल्या बाळासाठी धोक्याची आहे. मधातल्या जिवाणूंमुळे एवढ्या लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांत कंजुषी करू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून वर्षापर्यंत रोज 8.5 ते 10 मायक्रोग्रॅम, एक ते चार वर्षांच्या मुलाला रोज 10 मायक्रोग्रॅम, असा एनएचएसचा सल्ला आहे. दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा जास्त फॉर्म्युला पिणाऱ्या बाळाला वेगळे थेंब लागत नाहीत. आपली कातडी सावळी आणि इथला हिवाळा अंधारा, म्हणून आपल्या मुलांना हे अधिकच गरजेचं आहे. ही बाटली महाग नसते.

डायपरच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून सुपरमार्केटचे स्वतःच्या नावाचे डायपर वापरून पाहा. बाळाला चालले तर पुढे ब्रँडकडे जायचं कारण नाही. सर्वांत लहान मापाचे गठ्ठे आधीपासून भरून ठेवू नका. काही बाळं त्या मापातून बघता बघता बाहेर पडतात. सुपरमार्केटमधल्या 'बेबी इव्हेंट' सवलतीच्या दिवसांत पुढच्या मापाचे घेऊन ठेवावेत. मोठा पॅक नेहमी स्वस्त असतो असंही नाही. फळीवरच्या लेबलावर बारीक अक्षरात प्रति नग, प्रति किलो दर दिलेला असतो. तो पाहायची सवय एकदा लागली की महिन्याच्या बिलात फरक दिसतो. रात्री निदान एक कापडी लंगोट वापरायची तयारी असेल तर आपल्या कौन्सिलकडे चौकशी करा. धुऊन वापरायच्या डायपरसाठी काही कौन्सिल मदत देतात.

लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर इथे व्हॅट नाही, तरी नवे कपडे शक्य तितके कमी घ्यावेत असं माझं मत आहे. चॅरिटी शॉपमध्ये, नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्टच्या शाखा भरवतात त्या 'निअरली न्यू सेल'मध्ये मुलांचे कपडे, खेळणी, कॉट अगदी थोड्या पैशांत मिळतात. शाळेच्या गणवेशाबद्दल इंग्लंडमध्ये 2021 चा कायदा आहे, आणि वापरलेले गणवेश मिळायची सोय शाळांनी ठेवावी असं त्याखालच्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. शाळेत विचारायला संकोच करू नका. इंग्रज आया बिनधास्त विचारतात.

एक वस्तू मात्र अनोळखी माणसाकडून वापरलेली घेऊ नका: गाडीतलं कार सीट. ते अपघातातून गेलेलं असेल तर बाहेरून काही कळत नाही. मूल 12 वर्षांचं किंवा 135 सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत सीट बंधनकारक आहे, आणि त्यावर व्हॅटही फक्त 5 टक्के आहे. कॉटची गादीही शक्यतो नवीन, घट्ट आणि सपाट घ्यावी.

मोठा खर्च अर्थात पाळणाघराचा. इथे व्हिसाचा प्रश्न येतो आणि गैरसमज पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला 15 तास, वर्षात 38 आठवडे नर्सरी मोफत आहे. आईबाबांचा व्हिसा कोणता, हे यासाठी पाहिलं जात नाही. मूल तीन वर्षांचं झाल्यानंतरच्या सत्रापासून ही सोय सुरू होते. वर्क व्हिसावर असल्यामुळे आपल्याला काहीच मिळत नाही, असं समजून पूर्ण फी भरत राहिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. नोकरदार पालकांसाठीचे 30 तास, जे सप्टेंबर 2025 पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून मिळतात, आणि 'टॅक्स-फ्री चाइल्डकेअर', या दोन्हींसाठी मात्र दोघांपैकी एकाला तरी सार्वजनिक निधीचा हक्क असावा लागतो. चाइल्ड बेनिफिटचंही तसंच. व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' अशी अट असताना चाइल्ड बेनिफिट घेतलं तर पुढे व्हिसाच्या अर्जात अडचण येऊ शकते, म्हणून शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपणही अर्ज करू नये; आधी अट वाचावी.

जे कायमचे रहिवासी किंवा नागरिक झाले आहेत, त्यांनी उलट एक गोष्ट करावी. दोघांपैकी एकाचं उत्पन्न 60 हजार पौंडांच्या वर गेलं की चाइल्ड बेनिफिटचा काही भाग करातून परत जातो, 80 हजारांच्या पुढे सगळाच. त्यामुळे बरेचजण अर्जच करत नाहीत. पैसे नको म्हणून कळवता येतं, पण अर्ज जरूर भरा. मूल 12 वर्षांचं होईपर्यंत घरी राहिलेल्या पालकाच्या नावावर नॅशनल इन्शुरन्सची वर्षं त्यामुळे जमा होतात आणि ती पुढे पेन्शनला लागतात. आपल्याकडे हा घरी राहिलेला पालक बहुधा आई असते.

वाचनालयाबद्दल वेगळं सांगायला हवं का? सांगतेच. सभासदत्व मोफत, पुस्तकं मोफत, बाळगाणी म्हणायचा तास बहुतेक ठिकाणी मोफत, हीटिंग चालू. हिवाळ्यात घरी एकट्या असलेल्या आईला याहून चांगली जागा नाही. पुस्तकांची बुकस्टार्ट पिशवी बाळाला पहिल्या वर्षात मिळते. मिळाली नसेल तर हेल्थ व्हिजिटरला किंवा वाचनालयात विचारा. आणि रिसेप्शन, पहिली, दुसरीच्या मुलांना सरकारी शाळेत दुपारचं जेवण मोफत आहे, शाकाहारी पर्यायासह.

आता आपल्या घरातल्या एका खर्चाबद्दल, ज्याला दुकानदार जबाबदार नाही. येत्या काही आठवड्यांत घरोघरी बोरन्हाण होईल. हलव्याचे दागिने पुण्याहून कुरिअरने, भाड्याचा हॉल, फुग्यांची कमान, छायाचित्रकार, जमलेल्या प्रत्येक मुलाला खेळण्यांची पिशवी. त्याआधी पहिला वाढदिवस असाच झालेला असतो. हौस असावी, आणि दूर देशी असताना सण जरा जास्तच थाटात करावासा वाटतो हेही मी समजू शकते. पण एका घराने केलं की दुसऱ्याला करावंच लागतं, आणि नुकतीच आलेली, एका पगारावर चालणारी कुटुंबं या ओझ्याखाली वाकतात. काहीजण मग बोलावणंच टाळतात, आणि मुलं एकमेकांपासून दूर राहतात. हे नुकसान पौंडांतल्या नुकसानीपेक्षा वाईट आहे. बोरन्हाण घराच्या दिवाणखान्यात, चुरमुरे आणि बोराच्या जागी मिळेल ते मऊ फळ बारीक कापून छान होतं. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं आणि कडक गोळ्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या घोळक्यात उधळूच नयेत, घशात अडकतात. हलव्याचे दागिने मंडळातल्या दोघीतिघी घरी करतात, शिकवायलाही तयार आहेत. रिटर्न गिफ्ट बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात ज्यांना परवडतं त्यांनी करावी, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांना कमीपणा वाटणार नाही.

कार्यकारिणीशी बोलून एक निर्णय घेतला आहे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात हॉलच्या मागच्या बाजूला देवघेवीचं टेबल असेल. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे कपडे, बूट, पुस्तकं, खेळणी, बाबागाड्या, उंच खुर्च्या तिथे ठेवा आणि ज्याला हवं ते त्याने न्यावं. पैशांचा व्यवहार नाही, नावाची नोंद नाही. कपडे धुऊन, वयाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत भरून, पिशवीवर वय लिहून आणावेत. कार सीट आणि गाद्या आणू नयेत. उरलेलं सामान चॅरिटी शॉपला जाईल. ज्यांची मुलं आता मोठी झाली आहेत त्यांना विशेष विनंती: माळ्यावरची खोकी उतरवा, आणि टेबलापाशी अर्धा तास उभं राहून नव्या आईबाबांशी बोला. मदतीला चार माणसं हवी आहेत. फेब्रुवारीअखेरपर्यंत सचिवांकडे नाव कळवा.