उन्हाळा कोणाचा?

दिवाळी नुकतीच उरकली होती. काटेवाडीतल्या एका बचतगटाची बैठक संपवून मी एस.टी.ची वाट पाहत उभी होते. बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी जवळ आली आणि मोबाइल पुढे धरून म्हणाली, ‘‘ताई, हा फॉर्म भरायला मदत कराल का? घरी अजून सांगितलेलं नाही.’’

‘घरी अजून सांगितलेलं नाही’ हे वाक्य माझ्या कामात मी पुष्कळदा ऐकते. आवडत्या मुलाशी लग्न ठरवलेली मुलगी ते म्हणते, मार खाऊन माहेरी निघून आलेली बाई म्हणते. पण उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल कुणी असं म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मैत्रिणींनो, हा प्रकार आपल्यापैकी अनेकींना माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. पदवीचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत जाऊन मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करायचं, त्याबद्दल त्यांना विद्यावेतन मिळतं, अशा बऱ्याच योजना देशात आहेत. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असाच उपक्रम सुरू केला. केंद्र सरकारने २००८ साली ‘इन्स्पायर’ योजना आणली. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी तिच्यात वर्षाला ८० हजार रुपयांची तरतूद केली होती, आणि त्यातले २० हजार उन्हाळी संशोधनासाठीच वेगळे ठेवले होते. कागदावर यातली कुठलीही योजना मुलींना बंद नाही. फॉर्मवर स्त्री-पुरुष असा भेद केलेला नाही.

तरीही गावातली मुलगी तिथवर का पोचत नाही, हे त्या एका अर्जाने मला शिकवलं.

अर्जात एक प्रश्न होता. तुम्हाला कशावर काम करायचं आहे आणि का, ते थोडक्यात लिहा. तिने लिहिलं होतं, ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.’ मी विचारलं, ‘‘हे खरं आहे का?’’ ती हसली. मग तिच्या शेताबद्दल बोलायला लागलो. वडील दोन पाणी जास्तच देतात, ऊस पिवळा पडतो, बांधाकडेच्या तुकड्याला मीठ फुटलंय, आई तिथे आता काहीच लावत नाही. आमच्या बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्याचं हे जुनं दुखणं आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली आला, पाणी आलं, ऊस आला, आणि निचरा नसलेल्या जमिनी हळूहळू क्षारपड होत गेल्या. बांधावरचा पांढरा थर ती रोज पाहत होती. संशोधनाचा प्रश्न तिच्या घरातच होता, पण तो ‘प्रश्न’ म्हणून लिहिण्याच्या लायकीचा आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री उशिरापर्यंत बसून तिने ते लिहिलं. त्यात माझा हात फक्त इंग्रजी शब्द सापडेना तेवढ्यापुरता.

दुसरी अडचण शिफारसपत्राची. सरांनी तिला सांगितलं, तूच लिहून आण, मी सही करतो. असं बऱ्याच ठिकाणी चालतं. तिने आणलेलं पत्र मी वाचलं. ‘ही विद्यार्थिनी नम्र, आज्ञाधारक आणि शांत स्वभावाची आहे.’ स्वतःबद्दल चांगलं लिहायचं म्हटल्यावर तिला हेच तीन गुण सुचले. तिने प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासले होते, गणितात ती वर्गात पुढे होती. यातलं काही नव्हतं. जन्मापासून ज्या गुणांबद्दल तिला शाबासकी मिळाली तेच तिने लिहिले, त्यात तिची चूक काय? स्थळाच्या माहितीपत्रकाला शोभेल असं ते पत्र होतं. आम्ही ते पुन्हा लिहिलं.

मार्चमध्ये निवडीचं पत्र आलं, आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला. तिची आई मला म्हणाली, ‘‘ताई, पोर दोन महिने तिकडं ऱ्हाणार कुठं? आन् मे महिन्यात घरात दोन लग्नं हायती. गायांच्या धारा कोण काढणार?’’ पत्रात वसतिगृहाबद्दल एवढंच लिहिलं होतं की सोय जागा असल्यास होईल. वडील रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ‘‘पैसं कधी मिळणार?’’ काम संपवून अहवाल दिल्यावर, असं उत्तर होतं. म्हणजे आधी राहण्याची अनामत, खानावळ, येणं-जाणं घरातून करायचं आणि पैसे मागून. कारखान्याचं बिल अजून यायचं होतं. ती गेली नाही.

मुलाला सुट्टी लागते, मुलीला काम लागतं. आपल्या गावांतला मे महिना आठवून पाहा. कुरडया, पापड, शेवया, लोणची, लग्नसराई, पाहुणे, आणि जर्सी गायी तर सुट्टी ओळखतच नाहीत. मुलगी वर्षभर ‘शिकते’ म्हणून तिला जी सवलत मिळते, तिची वसुली उन्हाळ्यात होते. मुली दाखवण्याचे कार्यक्रमही याच दिवसांत होतात. त्यामुळे ‘उन्हाळी’ शिष्यवृत्ती हा शब्दच मुळी मुलांचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेला आहे. निवड करणाऱ्या समितीने मुद्दाम कुणाला डावललं असं मी म्हणत नाही. त्यांनी गुण पाहिले, निबंध पाहिला, आणि तिला निवडलं. ज्या दोन महिन्यांसाठी निवडलं ते महिने तिच्या मालकीचे नाहीत, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. केलं, पण त्याआधी पदवीला असताना एका सरांकडे अशाच सुट्टीतल्या अभ्यासासाठी दोन जागा आल्या होत्या. त्यांनी दोन मुलांची नावं दिली. नंतर मला म्हणाले, ‘‘तुझं नाव डोक्यात होतं, पण सुट्टीत तुला घरून सोडणार नाहीत ना.’’ माझ्या घरी विचारलं कुणीच नव्हतं. आमच्या वतीने ‘नाही’ म्हणण्याचं काम दुसरेच किती सहज करतात! मला त्याचा राग यायला बरीच वर्षं लागली.

जुन्या काळी हा नकार तोंडावर मिळायचा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमला भागवत (नंतरच्या कमला सोहोनी) यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून तो नाकारला. त्या स्वतः बंगळुरूला जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष जणू परीक्षेचंच. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. त्यांच्याशी भांडायला समोर माणूस तरी होता. आमच्या मुलीशी कुणी भांडलंच नाही. संस्थेने ‘ये’ म्हटलं, घराने ‘कसं जमेल’ म्हटलं, आणि विषय मिटला.

आणि हे काटेवाडीत घडलं. या गावातल्या शारदाबाई पवार त्या काळात पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य होत्या. डिसेंबर १९४० मध्ये तीन दिवसांचं बाळ घेऊन त्या पुण्याला बोर्डाच्या बैठकीला गेल्या, ही गोष्ट इथे आजही कौतुकाने सांगितली जाते. तान्हं बाळ घेऊन बाई सभेला गेली याचा अभिमान बाळगणाऱ्या गावाला वीस वर्षांची मुलगी दोन महिने प्रयोगशाळेत गेली तर चालायला हवं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलीची निवड झाली. या वेळी आम्ही शहाण्या झालो होतो. अर्ज भरायच्या आधीच तिची आई ज्या गटात आहे त्या गटात विषय मांडला. बऱ्याच वेळ चर्चा झाली. एकजण म्हणाली, म्हशीला कर्ज देतो, लग्नाला देतो, मग ह्याला का नाही? गटाने अंतर्गत कर्ज मंजूर केलं आणि वहीत कारण लिहिलं, ‘मुलीचे संशोधन’. वसतिगृहाची लेखी हमी आम्ही आधीच मागून घेतली. दोघी बायका तिच्याबरोबर जाऊन खोली पाहून आल्या. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा असाही उपयोग झाला. मे महिन्यातल्या धारा भावाने काढल्या. कुरकुरत काढल्या, पण काढल्या.

त्या आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत आली, धोतरांच्या पायघड्या झाल्या, मेंढ्यांचं रिंगण झालं. पोर पहिल्यांदाच रिंगणाला नव्हती. तिची आई गर्दीत मला म्हणाली, ‘‘माझी तिकडं मातीवर काम करती.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘म्या जलमभर मातीतच काम केलं की. पर तिला त्याचं पैसं मिळत्यात.’’ विद्यावेतनाचा अर्थ इतका स्पष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता.

आता काही कार्यकर्त्या विचारतात, हा चार हुशार मुलींचा प्रश्न आहे, आपण त्यात का पडायचं? आपल्यापुढे हिंसेच्या, पोटगीच्या, रेशनच्या केसेस कमी आहेत का? कमी नाहीत. पण आपल्याबद्दलचं ज्ञान कोण तयार करतं, हाही आपलाच प्रश्न आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. इकडे भवानीनगरच्या कारखान्यावरही दरवर्षी टोळ्या उतरतात. त्या कोपीत वाढलेल्या मुलीने हा प्रश्न स्वतः अभ्यासला तर ती काय काय विचारेल! पण तिच्यासारख्या मुली बहुतेक कला शाखेत असतात, आणि उन्हाळी शिष्यवृत्त्या बहुतेक विज्ञानाच्या. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष संशोधनाचं आहे, पण त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. आधी कधी संशोधन पाहिलंच नसेल तर ते वर्ष निवडणार कोण?

म्हणून माझ्या मते आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. विद्यावेतनाचा पहिला हप्ता रुजू होण्याच्या दिवशीच मिळावा. मुलींना वसतिगृह ‘जागा असल्यास’ नको, निवडीच्या पत्रातच त्याची हमी हवी, आणि त्याबरोबर पालकांसाठी मराठीत एक पत्र. या योजनांची माहिती कॉलेजने पहिल्या वर्षापासून मराठीत द्यावी, ती इंग्रजी नोटिशीच्या कोपऱ्यात राहू नये. विद्यापीठांनी कला आणि वाणिज्यच्या विद्यार्थिनींसाठीही अशी अनुदानं ठेवावीत. आणि माळेगावला २००९ पासून दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिने दर उन्हाळ्यात आसपासच्या गावांतल्या मुलींना काही जागा द्याव्यात. ज्यांचं घर एस.टी.च्या अंतरावर आहे, त्यांनी सुरुवात तिथून करावी.

हे मिळेपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू या. रेशनकार्डाचा अर्ज आपण भरून देतो, निराधार योजनेचा भरून देतो, तसा हाही भरून देऊ. बरेच अर्ज दिवाळीच्या सुमाराला सुरू होतात, तेव्हा दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढंच विचारावं, आपल्यापैकी कुणाची मुलगी कॉलेजात आहे? आणि मग मे महिन्यातल्या धारा कोण काढणार, तेही त्याच बैठकीत ठरवावं.

ती पहिली मुलगी आता लग्न होऊन इंदापूर तालुक्यात आहे. मध्यंतरी फोन आला होता. तिच्या सासरच्या रानालाही मीठ फुटलंय म्हणाली. मी विचारलं, पुन्हा अर्ज करायचा का? ती म्हणाली, ‘‘ताई, आता मी कुणाच्या हिशेबात विद्यार्थिनी?’’ या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.